तिच्या हयातीतच तिचा खेळ: साहसी नायिकेची कथा लिहिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यातल्या आमच्या कथागटात यंदा सगळ्यांसाठी एकच विषय आहे: एक काल्पनिक साहसी बाई, आणि तिच्याच जगात, ती जिवंत असताना, तिच्या आयुष्याची झालेली लोकप्रिय करमणूक. विषय जाहीर झाल्यापासून चेंदणीपासून बेलापूरपर्यंत सगळीकडून प्रश्न येत आहेत, आणि तेच तेच परत येत आहेत. म्हणून उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. कुठलाही प्रश्न सुटा वाचला तरी चालेल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर तिथे तसा क्रमांक दिला आहे.

१. विषय नेमका काय? साहसी बाईची गोष्ट लिहायची, एवढंच ना?

तेवढंच नाही. बाईने जिवावर उदार होऊन काहीतरी केलेलं हवं, हे खरं. पण त्याचं गाणं, खेळ, नाटक, असं काहीतरी तिच्याच मुलखात लोक रात्र जागून बघत असले पाहिजेत, आणि ते तिच्या कानावर गेलं पाहिजे. आपली कथा त्याच्याही पुढे सुरू होते. तो खेळ फिरून तिच्या आयुष्यात येतो आणि तिथे काहीतरी हलवतो. काय हलवतो, ते लिहायचं आहे.

गटात आलेल्या बऱ्याच मसुद्यांत साहस झकास रंगलं आहे आणि शेवटच्या परिच्छेदात ‘आजही तिचे पोवाडे गायले जातात’ असं वाक्य येतं. हा विषय त्या वाक्यानंतरचा आहे.

२. असं आधी कुणी लिहिलंय का? की आपणच काहीतरी नवं काढतोय?

फार जुनं आहे, आणि आपल्या घरातलंच आहे. रामायणाच्या उत्तरकांडात लव-कुश रामाच्या अश्वमेधात, खुद्द रामासमोर रामाचीच कथा गातात. ऐकता ऐकता रामाला मुलांची ओळख पटते आणि सीतेला सभेत बोलावणं जातं, पुन्हा एकदा शुद्धीची शपथ घ्यायला. ती पृथ्वीच्या पोटात जाते ती तिथे. म्हणजे गायन झालं नसतं, तर ते बोलावणंही गेलं नसतं. बाईच्या आयुष्याच्या गाण्याने बाईवर काय वेळ येऊ शकते, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

ग्रीकांच्या ओडिसी महाकाव्यात ओडिसियस परक्या राजाच्या दरबारात ओळख न देता बसलेला असतो. आंधळा गायक ट्रॉयच्या लाकडी घोड्याची हकिगत गातो, ओडिसियसला रडू येतं, राजाचं लक्ष जातं आणि नाव सांगणं भाग पडतं. पुढची सगळी भटकंती तो स्वतःच्या तोंडाने सांगतो.

तिसरं उदाहरण स्पेनचं. सर्व्हांतेसच्या ‘डॉन किहोते’ कादंबरीचा पहिला भाग १६०५ मध्ये आला. १६१४ मध्ये कुणीतरी टोपणनावाने बनावट दुसरा भाग छापला. सर्व्हांतेसने १६१५ मध्ये खरा दुसरा भाग आणला, आणि त्यातल्या किहोतेला आपल्यावरचं पुस्तक लोकांनी वाचल्याचं माहीत असतं. बनावट पुस्तकात आपल्याला सारागोसाला पाठवलं आहे हे एका खाणावळीत कळल्यावर तो मुद्दाम सारागोसाचा बेत सोडून बार्सिलोनाची वाट धरतो.

बोलावणं गेलं, ओळख उघड झाली, रस्ता बदलला. तिन्ही ठिकाणी खेळामुळे पुढची घटना घडली आहे. आपल्याला हेच हवं आहे.

३. ताई, आपल्या ठाण्यात खरोखर असं काही घडलंय का?

घडलंय, आणि गाण्यानेच घडलंय. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर पेशव्यांकडे आले होते; जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच्यावर आळ आला, इंग्रजांनी त्याला मागून घेतलं आणि ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आज जिथे मध्यवर्ती कारागृह आहे तिथे, ठेवलं. फितुरी नको म्हणून पहाऱ्यावर गोरे शिपाई नेमले. त्यांना मराठी कळत नव्हतं. एका अंमलदाराकडे चाकरीला लागलेला मोतद्दार रोज घोड्याची निगा करताना त्रिंबकजीच्या खिडकीखाली मराठीत गाणं म्हणायचा. पहारेकऱ्यांच्या लेखी तो नोकराचा विरंगुळा होता. प्रत्यक्षात पळून जायचा सगळा बेत त्या गाण्यात होता. सप्टेंबर १८१६ मध्ये एका रात्री त्रिंबकजी भिंतीतल्या भोकातून निसटला.

पुढे तो पकडला गेला आणि चुनारच्या किल्ल्यात कैदेत पडला. १८२४ मध्ये बिशप हेबरने त्याला तिथे पाहिलं. हेबरच्या मृत्यूनंतर, १८२८ मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात मोतद्दाराच्या गाण्याचं इंग्रजी पद्य आहे. म्हणजे कैदी अजून चुनारला जिवंत आणि त्याच्या सुटकेचं गाणं परक्या भाषेत जाऊन लोकांची करमणूक करतंय.

त्रिंबकजी पुरुष आहे आणि खरा आहे, तेव्हा त्याला नायक करू नका. पण गाणं माणसाला भिंतीपलीकडे नेऊ शकतं, हे ठाण्याच्या माणसाला परक्याकडून शिकायची गरज नाही.

४. नायिका कुठल्या काळातली घ्यावी?

कुठल्याही. फक्त त्या काळात करमणूक कशी पसरत होती, हे ठाऊक असलेला काळ घ्या. बैठकीत समजावताना मी १७३७ घेते, कारण ते ठाण्याच्या जवळचं आहे. साष्टी, म्हणजे ठाणं ज्या बेटावर आहे ते, पोर्तुगीजांकडे होती. ठाण्याच्या किल्ल्याचं काम सुरू होतं, पुरं झालेलं नव्हतं. मार्च १७३७ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणं घेतलं. वसई पडायला मे १७३९ उजाडला.

कळव्याच्या बाजूने ठाण्यात यायचं तर खाडी ओलांडावी लागते, आणि खाडी कोळ्यांना विचारल्याशिवाय ओलांडता येत नाही. म्हणून माझ्या उदाहरणातली बाई चेंदणी कोळीवाड्यातली नावाडीण आहे. ती आणि तिची जाऊ, दोघी मिळून रात्री एक निरोप्या खाडीपार नेतात. ती पूर्ण काल्पनिक आहे आणि मी तिला नाव दिलेलं नाही. खाली जिथे ‘नावाडीण’ म्हटलं आहे तिथे हीच समजायची.

५. नावाडिणीवर तमाशाचा वग दाखवला तर चालेल का?

१७३७ च्या आसपास नाही चालणार. गण, गवळण, बतावणी आणि मग वग अशी जी बांधणी आपण ओळखतो, तिच्यातला वग एकोणिसाव्या शतकातला. संगीत नाटकही तेव्हाचंच. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत पहिलं नाटक केलं ते १८४३ मध्ये.

नावाडिणीच्या काळात पोवाडा होता. अज्ञानदासाचा अफजलखान वधाचा आणि तुळशीदासाचा सिंहगडचा हे तर शिवकाळातलेच. गोंधळ होता, ललित नावाचा उत्सवातला सोंगांचा खेळ होता, दारोदार सोंगं घेऊन फिरणारे बहुरूपी होते. बहुरूप्याचा विचार जरूर करा. तो सोंग घेऊन थेट तिच्याच दारात येऊ शकतो, शाहिराला ते जमत नाही.

वगच हवा असेल तर नायिका एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणा. ठाण्याला १६ एप्रिल १८५३ रोजी रेल्वे आली. फडाच्या फिरतीला आणि बाईची कीर्ती तिच्या आधी दुसऱ्या गावात पोचायला ती उपयोगी पडेल.

६. खेळात तिचं काम पुरुष करणार ना? ते कसं दाखवू?

हो, जुन्या तमाशात बाईचं काम नाच्या पोऱ्या करायचा. बहुतेकांनी यावर विनोद केला आहे, आणि मला ती संधी वाया गेल्यासारखी वाटते. त्या पोऱ्याला काम शिकायचं आहे. ती चालते कशी, वल्हं धरते कसं, हे बघायला तो तिच्या मागे मागे फिरेल. गावात तिच्याकडे इतक्या बारकाईने बघणारा तो एकटाच माणूस असू शकतो. त्या दोघांचं काय होतं ते लिहा.

७. खऱ्या घटनेत आणि खेळात किती फरक ठेवायचा? सगळी अतिशयोक्ती केली तर?

हा सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न आहे, म्हणून उत्तर लांब आहे.

फरक किती, यापेक्षा फरक कुणामुळे पडला ते आधी ठरवा. नावाडिणीच्या हातून खरं काय घडलं? अष्टमीची रात्र, भांगाची भरती, पाण्याला जोर नाही. दोघी निरोप्याला होडीत झोपवून, वर जाळं टाकून, खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीत, चिखलाला लागून कितीतरी वेळ नुसत्या बसून राहिल्या. पहाऱ्याची मशाल लांब गेल्यावर वल्ही पाण्यात घातली. त्यांचं साहस म्हणजे ते बसणं होतं. पोवाड्यात बसणं गाता येत नाही. डफावर थाप पडली की कुणीतरी धावलं पाहिजे, कापलं पाहिजे. म्हणून पुण्याकडे गाणाऱ्या शाहिराने तिच्या दातात तलवार दिली आणि तिला उधाणात पोहायला लावलं. घाटावरच्या श्रोत्याला भांग नि उधाण यांतला फरक कुठून कळणार?

तोच पोवाडा चेंदणीत म्हटला तर लोक शाहिराला तिथेच थांबवतील. उधाण अमावस्या-पौर्णिमेचं, अष्टमीला कुठलं? मग चेंदणीसाठी तो वेगळं कडवं बांधतो. त्यात तलवार नाही, पण पहारेकऱ्याला मासळी विकताना तिने मारलेले टोमणे आहेत. ते तिने मारलेलेच नाहीत. तरी कोळीवाडा खूष, कारण ते टोमणे कोळीवाड्याचे स्वतःचे आहेत, पोर्तुगीजांना कधी तोंडावर मारता न आलेले.

प्रत्येक खोट्यामागे अशी कुणाची तरी गरज असते. तुळशीदासाच्या पोवाड्यातली घोरपड बघा. सिंहगडाचा कडा ज्याने खालून पाहिला आहे, त्याला माणूस तिथून चढला कसा याचं उत्तर हवं असतं, आणि घोरपड ते देते. श्रोत्याला मूर्ख समजून लिहिलेल्या मसुद्यांमध्ये खेळ फार पातळ होतो, याचं कारण हेच.

आता मुख्य गोष्ट. हा फरक नावाडिणीला महागात पडला पाहिजे. तलवारीचा पोवाडा ऐकून कुणी सरदार माणूस पाठवतो: त्या तलवारवालीला घेऊन या, काम आहे. तिने तलवार कधी धरलेली नाही. नाही म्हटलं तर पोवाडा खोटा ठरतो, आणि पोवाड्यात सरदाराचंही नाव आहे. शिवाय पोवाड्याने एकच बाई ठेवली. होडीला दोन वल्ही होती, दुसरं जावेच्या हातात होतं, आणि जाऊ गाण्यात कुठेच नाही. एकाच चुलीवर जेवणाऱ्या दोघींमध्ये त्या दिवसापासून काय होईल, ते मी कितीही सांगितलं तरी तुम्हालाच लिहावं लागेल.

८. ती स्वतःचा खेळ बघते, तो प्रसंग कसा लिहू? माझा फार रडका होतोय.

तिला तिथे काहीतरी कळू द्या. मसुद्यांत ती गर्दीत उभी राहते, डोळे भरून येतात आणि ती निघून जाते. ती आली नसती तरी कथा तशीच पुढे गेली असती.

नावाडिणीचं उदाहरण घ्या. सगळा पोवाडा खोटा आहे, पण मधेच एक ओळ अगदी खरी येते. खाजणात बसल्या असताना जावेने पुटपुटलेला नवस. तो निरोप्यालाही ऐकू गेला नव्हता. आता नावाडिणीला समजलं की शाहिराला ही हकिगत कुणी दिली. यानंतर ती रडली काय नि हसली काय, वाचक पुढे जाणारच.

९. तिला लिहिता-वाचता येत नाही. मग ती आपली बाजू मांडणार कशी?

तिच्याकडे गाणं आहे. ठाणे-रायगड पट्ट्यातल्या आगरी लग्नांत धवलारीण धवळे गाते, आणि लग्न तिच्या गाण्याच्या आधाराने पुढे सरकतं. धवळ्यांची परंपरा मराठीत फार मागे जाते, तेराव्या शतकातल्या महदंबेपर्यंत. जात्यावरची ओवी आहे. तीत बाई काय म्हणते ते घरातल्या पुरुषांनी ऐकूनही न ऐकल्यासारखं केलेलं असतं.

मांडवात शाहिराचा पोवाडा आणि घरात बायकांचा धवळा, एकाच रात्रीच्या दोन हकिगती एकाच लग्नात गायल्या जाऊ शकतात. गटातल्या एका मसुद्यात हे आलं आहे आणि ते वाचताना मी जागेवरून हलले नाही.

१०. खेळाचे पैसे तिला मिळतात का?

शाहिराला बिदागी मिळते, ज्याचं नाव गायलं त्या सरदाराला मान मिळतो. तिला फार तर लुगडं-चोळी. हा हिशेब कथेत एकदा तरी उघडपणे येऊ द्या. शाहिराला खलनायक करायची गरज नाही, त्याच्यामागे सूर धरणाऱ्या झीलकऱ्यांनाही पोटं आहेत.

११. आजची नायिका घेतली तर? ऐरोलीहून वाशीपर्यंत खाडीतून एकटी कयाक नेणारी मुलगी, आणि तिच्यावर वेबमालिका?

छान होईल. पण दोन गोष्टी बदलतात. एक म्हणजे वेग: ती किनाऱ्याला लागायच्या आत तिची चित्रफीत फिरलेली असते, म्हणून ‘तिला खूप उशिरा कळलं’ हा धागा वापरता येणार नाही. दुसरी म्हणजे ती कोर्टात जाऊ शकते. १९९४ मध्ये फूलनदेवींनी आपल्या आयुष्यावरच्या चित्रपटाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली आणि न्यायालयाने प्रदर्शनाला तात्पुरती मनाई दिली. ज्या अत्याचारांबद्दल आपण जाहीरपणे बोललो नाही, ते आपल्या संमतीशिवाय पडद्यावर का, हा त्यांचा प्रश्न होता. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ऑटो शंकर या फाशीच्या कैद्याच्या आत्मचरित्राच्या प्रकरणात सांगितलं की सार्वजनिक नोंदींत असलेलं आयुष्य संमतीशिवाय छापता येतं, त्यापलीकडे गेलात तर खासगीपणाचा भंग होऊ शकतो.

तुमची मुलगी करारावर सही करते की नाही, आणि सही करताना कुठला प्रसंग वगळायला सांगते, इथे आजच्या कथेचा जीव आहे. तो वगळलेला प्रसंग वाचकाला कळू द्यायचा का, हे तुम्ही ठरवा. मी असते तर दिला नसता.

१२. तिची खोटी कीर्ती तिनेच पसरवली असेल तर विषयात बसतं का?

बसतं. मात्र काहीतरी खरं साहस खाली हवंच, नाहीतर ती नुसत्या फसवणुकीची गोष्ट होते. आणि एका टप्प्यावर खेळ तिच्या हातातून सुटला पाहिजे.

१३. आधी खेळ आणि मग साहस, असा उलटा क्रम चालेल?

चालेल, आणि खरा दाखलाही आहे. अमेरिकेतला बफेलो बिल कोडी १८७२ पासून रंगमंचावर स्वतःचंच काम करत होता. १८७६ च्या उन्हाळ्यात तो पुन्हा लष्करात वाटाड्या म्हणून गेला आणि चकमकीच्या दिवशी अंगात नाटकातला भरजरी पोशाख घालून उतरला. काही महिन्यांत त्या चकमकीचं नाटक रंगमंचावर होतं, आणि पोशाख खरोखर लढाईतला होता.

तुमच्या नायिकेने असं केलं तर एक प्रश्न टाळू नका: त्या चकमकीत समोरचा माणूस खरोखर मेला. त्याच्या घरचे तो खेळ बघत असतील तर?

१४. सगळे तिला मेलेली समजतात आणि ती लांबून ऐकते, हे ‘हयातीत’ धरायचं का?

धरायचं. जगाला काय वाटतं त्याला महत्त्व नाही, तिला ऐकू येतं आहे ना? फक्त परत यायचं की नाही, हा निर्णय तिने कथेत घेतला पाहिजे. पोवाड्यात ती वीरमरण पावली असेल आणि त्यावर मुलांना जमीन इनाम मिळाली असेल, तर परत येणं सोपं नाही.

१५. ती भूत असेल तर?

यंदा नको.

१६. चिमाजी आप्पा, गंगाजी नाईक अंजूरकर अशी खरी नावं वापरू का?

पार्श्वभूमीला वापरा. त्यांच्या तोंडी लांब संवाद घालू नका, आणि त्यांनी न केलेली गोष्ट त्यांच्या नावावर मांडू नका. तुमच्या कथेतला शाहीर हवं ते गाईल, ती त्याची जबाबदारी. निवेदन तुमचं आहे, तिथे तारीख चुकता कामा नये.

१७. आगरी-कोळी बोलीत लिहिलं तर कळेल का लोकांना?

कळेल. बोली येत असेल तर बिनधास्त लिहा. येत नसेल तर दोन-चार शब्द पेरून बोलीचं सोंग आणू नका. साध्या मराठीत लिहा आणि कामाचे शब्द तेवढे अचूक ठेवा: भरती, सुकती, उधाण, भांग, खाजण. कोळीवाड्यातल्या कुणालाही विचारलं तर आनंदाने सांगतात.

१८. माझ्या कथेची एकांकिका करायची आहे. काही परवानगी लागते का?

महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. गडकरी रंगायतन असो, घाणेकर असो की वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह, तारखेच्या धावपळीत हे शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. दुसऱ्या कुणाच्या कथेवरून करत असाल तर लेखकाची लेखी परवानगी हवी. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतो.

रंगमंचावर खेळातला खेळ दाखवताना नावाडीण कुठे बसते, याचा विचार दिग्दर्शकाबरोबर आधी करा. ती प्रेक्षकांत बसली तर सगळं नाटक बदलतं.

१९. तुमची नावाडीण मी माझ्या कथेत घेऊ का?

घ्या. नाव तुम्ही द्या, मोहीम बदला, खाडीऐवजी उल्हास नदी घ्या. एकीने पोवाडा शाहिराच्या बाजूने लिहिला आहे, दुसरा एक जण सरदाराच्या माणसाच्या बाजूने लिहितोय. जावेच्या तोंडून अजून कुणीही लिहिलेलं नाही, आणि मला ती कथा वाचायची आहे.